चाळीस फ्रेमचे आण्णा

ती ऑर्डर आम्हाला मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकते. आण्णांची आठवण काढली की ऐकणारा शेवटी तेवढंच विचारतो. मला मात्र जे सांगायचं आहे ते त्याआधीच्या नऊ दिवसांतलं आहे. त्या नऊ दिवसांत मी आण्णांशी खोटं बोलले होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीला लागून आमची शेड होती. पुढच्या भागात पाण्याच्या पंपांचे कंट्रोल पॅनेल तयार व्हायचे. मागच्या दोन खोल्यांत मालकांनी हातात धरून गेम खेळायचं यंत्र बनवायला घेतलं होतं. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, आत एक बॅटरी. मी तिथे सॉफ्टवेअर लिहायला लागले तेव्हा मला वाटलं होतं, अवघड काम गेमचं असेल. पण अशा यंत्राचं दुखणं वेगळंच असतं. गेम जोरात पळवला की बॅटरी बसते आणि पाठ तापते. बॅटरी जपली की गेम अडखळतो. त्यात वेग दीडपट केला म्हणून विजेची भूक दीडपटच वाढते असंही नाही, ती कितीतरी जास्त वाढते. या दोन टोकांच्या मधे कुठे थांबायचं, हे ठरवणं आण्णांचं काम होतं आणि ते त्यांनी कुणालाही दिलं नसतं.

आण्णा यंत्राचा ताप गालाने मोजायचे. दाढी केलेला उजवा गाल, त्यावर यंत्राची पाठ, डोळे मिटलेले. एकदा बँकेचे एक साहेब आले होते. आण्णा फोनवर बोलतायत असं समजून ते बिचारे पाच मिनिटं अदबीने उभे राहिले. तापमान दाखवणारा महागाचा कॅमेरा मालकांनी आणून दिला होता, तो कपाटात डब्यासकट पडून होता. आण्णांचं म्हणणं, "कॅमेऱ्याला कुठं भाजतंय?"

त्यांच्या फोनवर, जिथे बॅटरीचे टक्के दिसतात तिथे, काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा होता. टक्के हा शब्द आमच्या खोलीत चालत नसे. "टक्का म्हंजे अफवा. व्होल्ट सांग." मी नवीन असताना चारदा चुकले आणि चारही वेळा ते माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणाले, "ह्या कॉन्व्हेंटला कुणीतरी सांगा रे."

कॉन्व्हेंट हे माझं नाव पडलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, घर ताराबाई पार्कातल्या बंगल्यांच्या वस्तीत, आणि मराठीत बोलताना वाक्य मनात एकदा जुळवून मग म्हणते, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं का, मला शंका आहे.

त्यांचं स्वतःचं चालणंही ठरल्या वेगाचं होतं. बस सुटताना दिसली तरी ते पळायचे नाहीत. कंडक्टर ओरडायचा, "आण्णा, उचला की पाय!" आण्णा त्याच चालीने येत राहायचे. बस गेली तर गेली. पुढच्या बसने येऊन तेवढ्याच शांतपणे उशिराच्या वहीत सही करायचे. मालकांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी डीजेच्या ॲम्प्लिफायरला गाल लावला होता आणि त्या पोराला सांगितलं होतं, "अर्ध्या तासात बसतंय हे." सत्तावीस मिनिटांत तो बंद पडला. आण्णांना त्याचा आनंद झाला नाही. तीन मिनिटं कुठे चुकली, हेच ते जेवताना मला विचारत होते.

ते कुरुंदवाडकडचे. वडील गुळव्या होते, म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीत उकळणारा उसाचा रस गूळ व्हायला आला की नाही हे सांगणारा माणूस. काहिलीखालच्या चुलवाणात उसाचं किती चिपाड टाकायचं, आच कधी ओढायची, हे तो ठरवतो. आण्णा पोरवयात चुलवाणाच्या तोंडाशी बसायचे. पुढे मोटारी वाइंडिंग करायला शिकले, मग रेडिओ, टीव्ही, इन्व्हर्टर, आणि साठीला आल्यावर आमचं हे यंत्र. त्यांच्या लेखी सगळं एकच होतं.

"आच वाढवली की रस लवकर आटतोय, असं वाटतंय माणसाला," ते सांगायचे. "आटत न्हाई. करपतोय. आन् करपलेला गूळ परत रस व्हत न्हाई."

"पण आण्णा, लोकांना साठ फ्रेम पाहिजेत," मी एकदा धीर करून म्हणाले. फ्रेम म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला बदलणारी चित्रं. साठ असली की गाडी पाण्यासारखी पळते. आण्णांनी आमचं यंत्र चाळीसवर बांधून ठेवलं होतं.

"लोकास्नी साठ नको असतंय. भरवसा पायजे असतोय. साठावर पळून वळणावर अडकण्यापेक्षा चाळीसावर घरापत्तोर जा की."

खरं तर त्यांना ना साठ दिसायचे ना चाळीस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. बोर्डवरचं काम भिंग लावून, बोटांनी चाचपून व्हायचं. पण हलत्या चित्रातला अडखळा, पापणी लवण्याइतका, तो त्यांना कळणं शक्यच नव्हतं. म्हणून आमची कामाची एक पद्धत ठरली होती. मी यंत्र हातात धरून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचे. ते शेजारी बसून व्होल्टेज थोडं थोडं कमी करायचे आणि दर दोन मिनिटांनी विचारायचे, "अडकतंय का?" मी हो म्हटलं की एक पायरी वर. नाही म्हटलं की एक पायरी खाली. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा हा प्रश्न यायचा. माझ्या एका शब्दावर ते मिटल्या डोळ्यांनी पुढचं पाऊल टाकायचे. "डोळं तुझं, हात माझा," असं ते म्हणायचे.

माझ्यावर इतका भार आधी कुणी टाकला नव्हता. मला तो आवडायचा, आणि त्याची भीतीही वाटायची.

ऑक्टोबरात मी त्यांना खूश करायला गेले. यंत्र स्टँडवर ठेवून, पंखा चालू ठेवून दिवसभर चाचणी घेतली, आणि साठ फ्रेमवरही पाठ फार तापत नाही असा रंगीत आलेख छापून आणला. आण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग सगळ्यांसमोर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वायरची यादी लिहायला घेतली.

"ह्यात हात कुठं हाय?" ते म्हणाले.

"हात?"

"खेळणारा टेबलावर ठेवून खेळतोय व्हय? दोन तळवं पाठीला चिकटल्यालं असत्यात, घामेजल्यालं. वारा लागत न्हाई. धर हातात. पंखा बंद. खिडकी लाव."

पंखा बंद, खिडकी बंद, पलीकडून फाउंड्रीच्या जळक्या वाळूचा वास, आणि साठ फ्रेमवर चालणारं यंत्र माझ्या हातात. दोन तास पाच मिनिटांनी बॅटरी संपली. त्याच्या कितीतरी आधी यंत्र तापून अडखळायला लागलं होतं. माझे तळवे लाल झाले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ते उकाड्याने आलंय असं मी दाखवलं.

"आता तुझा आलेख तुला कळला," आण्णा म्हणाले. मुरगूडची वहिनी, जी सोल्डरिंग करायची, तिने मला पाण्याची बाटली दिली आणि कानात म्हणाली, "मनावर घिऊ नगंस. मलाबी असंच रडवलंय त्यानं."

मी मनावर घेतलं. पुढे जे घडलं त्यात या दुपारचा वाटा किती, हे मी अजून नीट सांगू शकत नाही. होता, एवढं नक्की.

मालक याच्या अगदी उलट होते. हळू बोलायचे. त्या शेडमध्ये माझ्याशी इंग्रजीत बोलणारे ते एकटेच. त्यांच्या केबिनमध्ये गेले की माझी मान सैल व्हायची, कारण तिथे मला शब्द शोधावे लागत नसत. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

पुण्याच्या एक बाई आमची यंत्रं त्यांच्या दुकानांसाठी घेणार होत्या. अट दोनच गोष्टींची होती. साठ फ्रेम, आणि एका चार्जिंगवर तीन तास. नऊ दिवसांनी त्या स्वतः येऊन, स्वतःच्या हातात धरून बघणार होत्या. ऑर्डर मिळाली नाही तर मार्चमध्ये मागच्या दोन खोल्या बंद करून सगळ्यांना पंपाच्या पॅनेलवर लावावं लागणार होतं. माझी तर अजून नोकरीही पक्की झाली नव्हती. हे सगळं त्यांनी धमकी दिल्यासारखं सांगितलं नाही. थकलेल्या माणसासारखं सांगितलं.

मग म्हणाले, पहिली वीस मिनिटं खरेच साठ फ्रेम ठेवायचे. त्या वेळी माणूस निरखून बघतो. त्यानंतर हळूच चाळीसवर उतरायचं. पडद्याच्या कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा मात्र साठच दाखवत राहील. "जस्ट फॉर द डेमो," ते म्हणाले. ऑर्डर हातात आली की वर्षभरात आपण खरे साठ करू. आण्णांना सांगायची गरज नाही.

मी हो म्हणाले. नाही म्हणायला मला ना मराठीत जमलं, ना इंग्रजीत.

कोड लिहायला एक सकाळ लागली. तो यंत्रात भरायचा कधी, हा प्रश्न होता, कारण आण्णा बाकावरून उठायचेच नाहीत. उठायचे फक्त संध्याकाळी. ते सूर्यास्ताआधी जेवायचे, घरच्या रीतीप्रमाणे, आणि थंडीत म्हणजे साडेपाचलाच. खिडकीकडे तोंड करून खुर्ची ठेवायची, स्टीलचा डबा मांडीवर घ्यायचा, आणि मग वीस मिनिटं कुणाशी बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. त्या वीस मिनिटांत मी त्यांच्या पाठीमागे बसून यंत्राला केबल लावली. लॅपटॉपच्या पडद्यावर कोड किती भरला गेला ते दिसत होतं. आण्णा भाकरी मोडत होते त्याचा आवाज येत होता. मधेच त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि माझ्या हातातून केबल निसटली. पुन्हा पहिल्यापासून. डब्याचं झाकण लागलं तेव्हा माझं काम संपून जेमतेम अर्धं मिनिट झालं होतं.

"काय करालीस गं?" ते मागे न वळता म्हणाले.

"काही नाही. साठ फ्रेमचा एक वेगळा प्रयत्न करून बघतेय."

"बग. तरणी हाईस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो प्रयत्न तपासायला घेतला. आण्णा पहिल्या तासात यंत्राला हात लावायचे नाहीत, हे मला माहीत होतं. "पहिल्या तासाला सगळीच शहाणी असत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तास झाल्यावर त्यांनी माझ्या हातातून यंत्र घेतलं आणि गालाला लावलं. बराच वेळ तसेच बसले. मग करंट मोजायचं मीटर लावलं. भिंग घेऊन मीटर वाचला. भिंग घेऊन पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. साठ.

यंत्र परत माझ्या हातात दिलं. "खेळ."

मी खेळायला लागले. गाडी चाळीसवर चालली होती. सवय झालेल्या डोळ्याला ते लगेच कळतं. प्रत्येक वळणावर चित्र किंचित दाटून येत होतं.

"साठावर हाय न्हवं? अडकतंय का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. खुर्ची मागे सरकवली आणि उभे राहिले. मला वाटलं, कळलं यांना. पण ते दारात जाऊन पुढच्या शेडमध्ये ओरडले, "ए, या रे हिकडं सगळी! कॉन्व्हेंटनं साठ केलं! चाळीसाच्या तापात साठ! मला जमलं न्हवतं, हिनं केलं!"

माणसं आली. पंपाच्या पॅनेलवरचे आले, वहिनी आली. आण्णा यंत्र एकेकाच्या गालाला लावत होते. "बग, बग, गार हाय का न्हाई? हात खोटं बोलत न्हाई, मीटर खोटं बोलत न्हाई, आन् ही तर बोलतच न्हाई!"

सगळे हसले. वहिनी म्हणाली, "आण्णानं कुणाला तरी बरं म्हटलं बाई! पेढे आण की गं." मालक केबिनच्या काचेतून बघत होते. आमची नजर भिडली आणि त्यांनी फोन कानाला लावला.

आण्णांचा राग सोसायची मला सवय झाली होती. त्यांचा आनंद सोसणं फार अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी ते घरच्या गुळाची ढेप घेऊन आले, वर्तमानपत्रात बांधलेली. "आईला दे. सांग, आण्णानं दिलाय." आईने विचारलं कशाबद्दल, मी म्हणाले, सगळ्यांनाच दिला. तिसऱ्या दिवसापासून ते मला शिकवण्याऐवजी विचारायला लागले. कसं केलंस? कुठल्या पायरीला केलंस? मी कोडमधले चार शब्द सांगायचे. ते मान हलवायचे आणि भिंगाखाली वहीत लिहून घ्यायचे. साठीचा माणूस माझं खोटं शिकत होता. चुलवाणाची आच, काहील, सगळं बोलणं त्यांनी बंद केलं. एकदा म्हणाले, "माझं जुनं झालं ते. आता तू सांगशील तसं."

रोज सकाळी बसमध्ये मी वाक्य जुळवायचे. आण्णा, मला तुम्हाला एक सांगायचंय. शेडमध्ये पोचेपर्यंत ते वाक्य पाठ असायचं. मग ते समोर येऊन म्हणायचे, "आली का बाई आमची!" आणि मी ते वाक्य न म्हणता लॅपटॉप उघडायचे.

नवव्या दिवशी दुपारी पुण्याच्या बाई आल्या. त्या आधीही एकदा आल्या होत्या. तेव्हा आण्णांनी मालकांसमोरच त्यांना सांगितलं होतं, "साठ व्हणार न्हाई पावणं. कोण हुतंय म्हणलं तर त्याच्याकडनं घिऊ नका." मालकांचा चेहरा उतरला होता. बाई मात्र ते विसरल्या नव्हत्या.

त्यांनी यंत्र हातात घेतलं आणि खेळायला सुरुवात केली. चांगल्या खेळायच्या. पहिली वीस मिनिटं गाडी खरोखर पाण्यासारखी पळाली. विसाव्या मिनिटाला मी घड्याळ बघितलं नाही, तरी मला कळलं. बाईंच्या भुवया क्षणभर जवळ आल्या. त्यांनी कोपऱ्यातला आकडा बघितला आणि पुढे खेळत राहिल्या. चहा आला, गार झाला. दोन तास झाले, सव्वादोन झाले. त्या मधेच डोळे चोळायच्या. पावणेतीन तासांनी यंत्र चालूच होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"आण्णा, मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणाला होता."

"चुकलो मी."

"मला मधे मधे जरा जड वाटलं. पण आकडा साठच दाखवतोय. कदाचित माझे डोळे दमले असतील. खरं सांगू, मी आकड्यावर सही करायला आलेलेच नाही. तुम्ही नाही म्हणाला होता म्हणून तुमच्या 'हो'वर सही करायला आलेय. तुम्ही सांगा."

मालक खुर्चीत पुढे सरकले. आण्णांनी यंत्र उचलून गालाला लावलं. त्यांच्या तोंडावर तेच हसू होतं.

"मी कुठल्याच वस्तूची आजवर हमी दिली न्हाई," ते म्हणाले. "ह्याची देतो. पण माझं डोळं अधू हाईत, बाई. हिचं डोळं घेऊन बोलतोय मी." त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. "खेळून बग, आन् तूच सांग ह्यास्नी. अडकतंय का?"

मी गाडी सुरू केली. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणालाही मी खेळतच होते. मालक बाईंना म्हणाले, ती जरा लाजाळू आहे.

"लाजू दे," आण्णा म्हणाले. "पर बोलू दे."

"अडकतंय," मी म्हणाले.

फाउंड्रीतला घण दोनदा पडला. आण्णांचं हसू लगेच गेलं नाही. ते जिथल्या तिथे राहिलं आणि त्याच्यामागचा माणूस निघून गेल्यासारखा झाला.

"कितीवर हाय?"

"चाळीस."

"मग ह्यो आकडा?"

"तो मी लिहिलाय. वीस मिनिटांनंतर आत काहीही झालं तरी तो साठच दाखवतो."

"त्या दिवशी मी इचारलं तवा?"

"तेव्हाही अडकत होतं."

आण्णांनी माझ्या हातातून यंत्र काढून घेतलं आणि पडदा खाली करून टेबलावर ठेवलं. अगदी हळू. मग बाईंकडे वळले. "ऐकलं न्हवं? खरं आकडं घ्या लिहून. साठावर दोन तास पाच मिनटं, आन् त्यातबी तापून अडखळतंय. चाळीसावर तीन तास वीस मिनटं, हातात धरून, पंखा बंद ठेवून. चाळीसाचं मी मोजलंय, त्येची हमी देतो. बाकी कशाची देत न्हाई."

बाईंनी दोन्ही आकडे लिहून घेतले. "चाळीस वाईट नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच चाळीस म्हणून दाखवलं असतं तर बोललो असतो आपण." त्यांनी पर्स उचलली. मालक त्यांच्या मागे गाडीपर्यंत गेले, परत आले, आणि कुणाकडे न बघता केबिनमध्ये जाऊन बसले.

आता आण्णा ओरडतील, अशी मी वाट बघत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपली खुर्ची माझ्या टेबलापाशी ओढली.

"लॅपटॉप उघड. बाईस्नी पत्र लिही. विंग्रजीत लिही, माझं विंग्रजी न्हाई. काय केलं, कसं केलं, कुणी केलं, समदं लिही."

मी लिहिलं. कोड कसा होता, आकडा कसा खोटा होता, चाचणीत मी काय उत्तर दिलं. आण्णांना हे माहीत नव्हतं, हे दोनदा लिहिलं. सगळी चूक माझी आहे, असं शेवटी लिहिलं. ते वाक्य लिहून मला जरा हलकं वाटलं.

"आता मराठीत वाच."

मी एकेक वाक्य मराठी करून वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते, गालाला यंत्र लावल्यावर बसायचे तसे. वाचून झालं.

"मालकाचं कुठं हाय?"

"त्यांचं नाही लिहिलं मी."

"हे तुझ्या डोक्यातनं आल्यालं न्हवं. तुला व्होल्ट कुठनं मोजायचं ते कळत न्हवतं सहा म्हयन्यापूर्वी, तू ही धंद्याची लबाडी कवा शिकलीस? कुणी सांगितलं?"

माझी नजर केबिनकडे गेली.

"मग हे अजून अर्धंच हाय," ते म्हणाले. "सगळं आपल्या अंगावर घेतलं म्हंजे खरं झालं, असं असतंय व्हय? तेबी खोटंच की. जरा गोड असतंय, एवढंच."

केबिनचं दार दहा पावलांवर होतं आणि उघडं होतं. मी ते वाक्य घातलं. मालकांनी असं करायचं सुचवलं होतं. पत्र जायचं होतं मालकांच्याच मेलवरून. मी लॅपटॉप उचलला. आण्णा बरोबर येतील असं मला वाटलं होतं. ते जागचे हलले नाहीत.

मी दारावर टकटक केली. मालकांनी मान वर केली. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मी उभीच होते. त्यांनी चष्मा लावला, कीबोर्ड जवळ ओढला आणि एका ठिकाणी थांबले. जिथे मी 'सुचवलं' असं लिहिलं होतं, तिथे त्यांनी 'सांगितलं' असं केलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव टाकलं. पाठवायचं बटण दाबायला मी हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली आणि स्वतः दाबलं.

बाहेर आले तेव्हा आण्णा दुसऱ्या एका यंत्राची पाठ स्क्रू काढून उघडत होते.

"गेलं?"

"गेलं."

"त्येनी काय काढलं का त्यातलं?"

"नाही. उलट घातलं."

त्यांनी पाठ परत बसवली, स्क्रू आवळले, यंत्र उचललं आणि माझ्या हातात ठेवलं. मी ते धरलं. मग त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले, घटकाभर, आणि यंत्र परत काढून घेतलं.

"जा घरला," ते म्हणाले. "हात थरथरत्यात तुझं. आज मोजलेलं उपेगाचं न्हाई. उद्या सकाळी येऊन चाळीसावर लाव, पहिल्यापासनं मोजू."